दारं बनवणाऱ्या कंपनीतलं एक दार

हे मी खरं तर सांगायचं नाही. पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का बसेपर्यंत बाबांच्या ऑफिसचं एक अक्षर घराबाहेर काढायचं नाही, असं आईने बजावलं आहे. तिने हे मलाच का बजावलं, कळत नाही. मी शाळेतही फारसं बोलत नाही. पण लिहायचं नाही, असं ती म्हणाली नव्हती.

आमच्या घरात किस्से खिडकीच्या चौकटीतल्या वाळूसारखे साठतात. कितीही पुसा, पुढच्या शुक्रवारी तेवढेच. इथे आखातात शुक्रवारी सुट्टी असते. बाबांच्या ऑफिसचे स्टोअरकीपर कोशी अंकल दुपारी रोल्ला भागातल्या आमच्या फ्लॅटवर जेवायला येतात. आईचं वरण त्यांना त्यांच्या केरळातल्या परिप्पूसारखं लागतं, म्हणे. मी पापड भाजते आणि ऐकते.

बाबा सेफ्टी ऑफिसर आहेत. त्यांची कंपनी अल्युमिनियमच्या खिडक्या आणि दारं बनवते. खाली वर्कशॉप, वर ऑफिस. बाबा फेरी मारून सगळं तपासतात: शिड्या, वायरी, मचाणं, आग विझवायचे सिलिंडर. ठीक असेल तिथे हिरवं कार्ड लटकवतात, धोका असेल तिथे लाल. लाल कार्डावर लिहिलेलं असतं, ‘वापरू नये’. लाल कार्ड लागलं की काम थांबतं, आणि काम थांबलं की जनरल मॅनेजर सेठी साहेबांचा रक्तदाब वाढतो. हेच सेठी साहेब बाबांचा व्हिसा रिन्यू करायच्या कागदांवर सही करतात. यंदा ते कागद त्यांच्या टेबलावर पडून होते. सही झाली नाही, तर मला दहावीचं वर्ष अर्धवट टाकून ठाण्याला जावं लागणार होतं.

*

एकदा बाबांना साइटवर कुणाच्याच डोक्यावर हेल्मेट दिसलं नाही. नवी हेल्मेटं नुकतीच आली होती. बाबा तडक स्टोअरमध्ये गेले. तिथे कपाटात, कुलूप लावून, प्लास्टिकच्या पिशव्यांत सगळी हेल्मेटं ओळीने मांडलेली.

कोशी अंकल म्हणाले, सेठी साहेबांची ऑर्डर आहे, वापरली की चरे पडतात. मग बाबांची समजूत काढायला म्हणाले, “सर, टेन्शन नको. हेल्मेट एकदम सेफ आहेत.”

“आणि माणसं?”

“माणसं साइटवर आहेत, सर.”

हा किस्सा कोशी अंकल स्वतःच सांगतात, आणि सांगताना सर्वांत जास्त स्वतःच हसतात.

*

वर्कशॉपच्या फोरमनला बाबांनी विचारलं, की या सिलिंडरची पिन ओढली तर पावडर बाहेर येईल का?

“इन्शाल्ला, येईल.”

बाबा म्हणाले, ठीक, पण रिफिल करणारा माणूस कधी येणार?

“तो पण इन्शाल्ला.”

बाबांनी लाल कार्ड लटकवलं. पुढच्या फेरीला बघतात तर सिलिंडर तोच, कार्ड मात्र हिरवं. फोरमनने बिचाऱ्याने ते स्वतःच्या हाताने रंगवलं होतं. रंगही छान, बाहेर कुठेही गेला नव्हता. बाबा म्हणतात, एवढ्या मेहनतीत सिलिंडर भरून झाला असता.

*

बाबा घरातही फेरी मारतात. आमच्या गॅसच्या नळीवर, इस्त्रीच्या वायरीवर आणि बाल्कनीतल्या स्टुलावर हिरवी कार्डं आहेत. पाहुण्यांना वाटतं, सेल लागलाय.

एका शुक्रवारी त्यांनी आईच्या प्रेशर कुकरला लाल कार्ड लावलं. रबर सैल झालं होतं आणि शिट्टीऐवजी बाजूने वाफ जायची. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बाबांनी डबा उघडला. आत भात नव्हता, वरण नव्हतं, तेच लाल कार्ड होतं. वापरू नये.

संध्याकाळी बाबा नवं रबर घेऊनच घरी आले. येताना दोन दुकानं बंद होती, तरी.

*

आम्ही इथे नवीन आलो होतो, तेव्हाची गोष्ट. आईला अजून लिफ्टचीसुद्धा भीती वाटायची. एका सकाळी घरच्या फोनवर कोशी अंकल. बाबा साइटवरून निघाले होते, त्यांच्यासाठी निरोप होता.

“मॅडम, सरांना बोला, ऊपरवाला चार आदमी खलास. नीचे का दो भी थोडा टाइम में खलास हो जाएगा.”

आणि फोन ठेवला.

आई खुर्चीत बसली ती उठेचना. मग उठली आणि तिने देव पाण्यात घातले. मला म्हणाली, कुणाला काही विचारू नकोस. मी ओके म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

बाबा दुपारी शावरमा खात खात घरी आले. देवांना तांब्यात बघून घास त्यांच्या तोंडातच राहिला. त्या माणसांच्या सेफ्टी बेल्टची तपासणी संपली, एवढाच निरोप होता.

बाबा आईला समजावू लागले, “अगं, इथे खलास म्हणजे संपलं.”

आई म्हणाली, “ठाण्यातही तोच अर्थ होतो.”

*

आता दाराचं. ऑफिसच्या मागच्या बाजूला आग लागली तर पळायचं एक दार आहे. लोक त्यातून चहाला सटकतात, म्हणून सेठी साहेबांनी त्याला साखळी घालून कुलूप लावलं. मोठ्या हॉटेलांना आणि हॉस्पिटलांना असली दारं विकणारी कंपनी, आणि तिचं स्वतःचं दार साखळीत.

बाबांनी त्याच्यावर लाल कार्ड लटकवलं. सेठी साहेबांनी काढलं. बाबांनी पुन्हा लटकवलं. मग साहेबांनी बाबांना केबिनमध्ये बोलावलं. व्हिसाचे कागद समोरच होते. साहेबांनी त्यांच्यावर चहाचा कप ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “सबनीसजी, इस ऑफिस में या तो वो लाल कार्ड रहेगा, या आप.”

हे बाबांनी आईला स्वयंपाकघरात सांगितलं. मी फ्रीजमधून पाणी घेत होते. फ्रीजचं दार मी बराच वेळ उघडं ठेवलं. एरवी त्यावरून बाबा ओरडतात.

आई म्हणाली, “काढून टाका ना कार्ड. लोक काय, जिन्यानेही उतरतील.”

बाबा म्हणाले, “आग कुठे लागावी हे सेठी साहेब ठरवणार आहेत का?”

व्हिसासाठी सगळ्यांचे नवे फोटो लागतात. मी विचारलं, कधी काढायचे? आई म्हणाली, साहेबांची सही झाल्याशिवाय नाही. उगाच अपशकुन नको. त्या आठवड्यात ती कपाटातल्या बॅगा खाली काढून पुसत होती.

*

आणि मग गेल्या आठवड्यातली फायर ड्रिल. हे कोशी अंकलनी आज जेवताना सांगितलं. बाबा पूर्ण वेळ ताटात बघत होते.

अबुधाबीतल्या एका मोठ्या बिल्डिंगच्या दारांचं काम मिळणार होतं. त्यांचा इजिप्शियन इंजिनियर ड्रिल बघायला आला. बेल वाजवायची, सगळी माणसं किती लवकर बाहेर पडतात ते पाहायचं. सेठी साहेबांनी लग्नासारखी तयारी केली होती. बेल वाजायच्या आधीच सगळ्यांना पार्किंगमध्ये नेऊन उभं केलं, चहा आणि समोसे दिले. वर राहिले फक्त साहेब आणि पाहुणा. मागच्या दाराची चावी नेहमीप्रमाणे कोशी अंकलच्या जुडग्यात, म्हणजे तीही खाली.

साहेबांनी बेल वाजवली. इंजिनियरने खिडकीतून पाहिलं. सगळे ओळीत. एकाच्या हातात अर्धा समोसा.

“व्हेरी फास्ट,” तो म्हणाला. मग त्याने एक खुर्ची उचलली, पुढच्या जिन्याच्या तोंडाशी आडवी ठेवली आणि आपणच तिच्यात बसला. “हबीबी, समजा इथे आग आहे. आता तू कसा जाणार? यल्ला.”

साहेब हसले. इंजिनियर हसला नाही. साहेब मागच्या दाराकडे गेले. साखळी. लाल कार्ड. परत आले. इंजिनियर घड्याळ बघत बसलेला. साहेबांनी खिडकी उघडली. ती कंपनीचीच सॅम्पल खिडकी, लहान मुलं पडू नयेत म्हणून वीतभरच उघडणारी. तिच्यातून नाक बाहेर काढून ते ओरडले, “कोशी! चाबी लेके ऊपर आ!”

कोशी अंकल समोसा ठेवून निघालेच होते. तेवढ्यात बाबा बोलले. आवाज थोडा कापत होता, असं अंकल म्हणतात. बाबा म्हणतात, नव्हता.

“कोशी, थांबा. आग लागलेल्या बिल्डिंगमध्ये परत जायचं नाही. हजेरी पूर्ण होईपर्यंत कुणी हलायचं नाही.”

वरून सेठी साहेब बघत होते. बाबांनी त्यांच्याकडे न बघता हजेरी सुरू केली. रोज घाईघाईत होते, तशी नाही. एकेक नाव, सावकाश. लोक ‘येस सर’ म्हणत होते. एव्हाना कुणीही समोसा खात नव्हतं.

शेवटचं नाव राहिलं. बाबांनी तेही घेतलं, कारण नियम म्हणजे नियम.

“सेठी साहेब?”

कोशी अंकलनी एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. मग ताठ उभे राहून म्हणाले,

“खलास, सर.”

*

आई बाहेरून हाक मारतेय. “मनू, यल्ला, केस विंचर! स्टुडिओ बंद होईल, आणि फोटोत कान दिसायला हवेत म्हणे.” बाबा बूट घालतायत. त्यामुळे इंजिनियर खुर्चीतून उठल्यावर सेठी साहेब खाली आले, सगळ्यांसमोर सरळ बाबांपाशी गेले आणि कोटाच्या खिशातून ते चहाचे डाग पडलेले कागद काढून त्यांनी तिथेच सही कशी केली, ते नंतर लिहीन.