मातीच्या ढिगातलं डोरलं

मी गुन्हेगारीशास्त्रात एम.ए. करायला परदेशी निघाले, तेव्हा पाटोद्याच्या भर बाजारात माझ्या चुलत्यांनी ओरडून विचारलं होतं, "गुन्हे शिकायला इतक्या लांब कावून? बीडात काय कमी हायेत का?" सगळा बाजार हसला. तेव्हा अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पण तिकडच्या गारठ्यात तेच हसणं आठवून जीव कासावीस व्हायचा.

वर्गात आम्ही पाच-सहा देशांतली मुलं. एक विषय होता: पोलीस आणि कोर्टाबाहेर लोक आपले तंटे कसे मिटवतात. शिकवणाऱ्या बाईंनी आपापल्या गावचं उदाहरण सांगायला लावलं. त्यावरच शेवटचा प्रबंध लिहायचा होता. मी आमच्या वस्तीवरची मातीची रीत सांगितली.

वस्ती मेंढ्या राखणाऱ्यांची. मी चौथीत असताना एका लग्नाच्या गडबडीत आईच्या पोतीतलं डोरलं गेलं. सोनं म्हणून तिच्याकडे तेवढंच. पोलिसांचं कुणी नावही काढलं नाही. आमच्या रिवाजाप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक घरातल्या बाईनं टोपलीभर माती आणून मारुतीपुढं ओतली. टोपलीवर पदर, कुणी कुणाच्या टोपलीत डोकवायचं नाही. मग ज्याची वस्तू गेली त्यानं तो ढीग चाळायचा. आई चाळत होती, आम्ही पोरं धुळीनं शिंकत होतो, आणि चाळणीत डोरलं चमकलं. आईनं ते पदराला पुसलं आणि सगळ्या बायांना गुळाचा चहा केला. त्या चहातही धूळ होती. मला तो फार आवडला होता.

वर्ग खूश झाला. मग बाईंनी विचारलं, "पण चोर कोण होतं?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कधी पडलाच नव्हता. बाई म्हणाल्या, चोराचं पुढं काय झालं हे कळल्याशिवाय प्रबंध अर्धाच राहील.

मी आईला व्हिडिओ कॉल लावला. माझ्याकडे दुपार होती, तिकडे दिवेलागण. मागे मेंढ्या ओरडत होत्या, ते ऐकूनच मला रडू आलं. तरी विचारलंच.

"सापडलं न्हवं? मग आता कावून इचारायलीस?"

"मला लिव्हायचंय, आई. तुला म्हाईत हाय ना?"

मी हट्ट सोडेना, तशी ती चिडली. "हाय म्हाईत. माती वतताना तिचा हात लई थरथरत व्हता. मी लगीच खाली बघितलं."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"बोलून काय? तिला बी हितंच ऱ्हायचं व्हतं अन् मला बी." मग ती म्हणाली, "तिकडं रोज चटणी खातीस न्हवं? ती कुणी कुटून दिली तुला?"

फोन ठेवून मी कपाटातली बरणी काढली. शेजारच्या काकूची शेंगदाण्याची चटणी. निघायच्या आदल्या दिवशी "तिकडं अळणी खाऊन वाळशील" म्हणत ती माझ्या गळ्यात पडून रडली होती, आणि आई तिचे डोळे पुसत होती.

चोर कोण ते कधीच कळलं नाही, असं मी प्रबंधात लिहिलं. बाईंनी मार्क कापले. त्या दिवशी भाकरी नव्हती म्हणून मी पावावरच चटणी घेतली आणि पोटभर जेवले.