चिंचेच्या पाण्यातली पट्टी

जुन्या लष्करी रायफलींचे शौकीन एका बाबतीत माझ्या आईच्या अगदी उलट असतात. ते गंजाला हात लावत नाहीत.

कुवेतमध्ये मी हिशेबनीस आहे. परक्या माणसाला इथे बंदूक बाळगता येत नाही, म्हणून मी नुसती माहिती बाळगतो: रायफल कुठल्या कारखान्यातली, कुठल्या काळातली, आणि तिचे नेम धरायचे भाग मूळचे की मागाहून बसवलेले. माझं हे खूळ ऑफिसभर माहीत होतं. त्यामुळेच कंपनीच्या वृद्ध मालकांनी मला सबाह अल-सालेम भागातल्या आपल्या घरी बोलावलं.

त्यांच्या वडिलांची रायफल रीतसर परवान्यासह बैठकीत टांगलेली होती. नव्वद सालच्या युद्धात वडील गेले, घर लुटलं गेलं. रायफल परत मिळाली, पण तिची मागची पट्टी गायब होती. या पट्टीच्या खाचेतून पाहूनच नेम धरतात. अलीकडे अंगण खणताना वाळूत तशी एक पट्टी सापडली होती. मालकांचं लहानपण मुंबईत गेलेलं, हिंदी चांगलं बोलत.

"ये मेरे बाप का है या नहीं, इतना बोलो," ते म्हणाले.

अशा पट्टीच्या खालच्या अंगाला रायफलचाच नंबर ठोकलेला असतो. मी पट्टी हवल्लीला माझ्या घरी आणली आणि भिंगाखाली धरली. नुसता गंज. फक्त वरच्या एका कडेला मूळची काळी झिलई उरली होती, तीही एका जागी झिजलेली. तिथे वडिलांचा अंगठा पडायचा, असं मालकांनीच दाखवलं होतं. गंज काढावा तर झिलईही जाणार, आणि तिच्याबरोबर अंगठ्याची ती खूणही. शुक्रवारी जाऊन 'सांगता येत नाही' म्हणायचं, असं मी ठरवून टाकलं.

मध्ये खंडेनवमी आली. आई तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. मी ऑफिसातून आलो, तर पाटावर विळी, कात्री, पान्हे, मिक्सरचं पातं आणि त्यांच्या शेजारी उलटी ठेवलेली ती पट्टी. नव्या नळासारखी लखलखीत. वर हळद-कुंकू आणि झेंडू.

"हत्यार ना ते? गंजलेलं कसं पुजायचं?" आई म्हणाली. "सकाळपासून चिंचेच्या पाण्यात ठेवलं, मग तारेच्या घासणीनं घासलं. हात भरून आले माझे."

नोकरीचा विचारही आला, खोटं कशाला बोलू, पण आधी डोळ्यांपुढे आली ती अंगठ्याची कड. मी आईवर इतका ओरडलो की बायकोनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. पट्टी रुमालात गुंडाळून कपाटात कोंबली. पुन्हा उघडून बघायची माझी हिंमत झाली नाही.

शुक्रवारी मालकांनी रुमाल सोडला. स्वतःचा अंगठा त्या चकचकीत कडेवरून फिरवत राहिले.

"अंगूठा किधर गया?"

मी सगळं सांगितलं: सण, आई, हत्यारांची पूजा. ते मान खाली घालून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी पट्टी उलटली आणि थांबले. खालच्या अंगावर लाल आकडे उमटले होते. गंजाखाली दडलेला नंबर आईच्या घासण्यानं मोकळा झाला होता आणि त्याच्या खाचांत कुंकू बसलं होतं.

त्यांनी रायफल उतरवून मांडीवर घेतली. एकेक आकडा मोठ्यानं वाचत गेले, मी पट्टीवरचा वाचत गेलो. शेवटच्या आकड्यावर त्यांनी बोट ठेवलं. तोही जुळला.

"बाप का है," ते म्हणाले. कुंकू त्यांनी पुसलं नाही. पण मी निघालो तेव्हाही त्यांचा अंगठा त्याच कडेवर काहीतरी शोधत होता.

आई माझ्याशी तेव्हापासून बोलत नव्हती. घरी पोचल्यावर तिनंच विचारलं, "त्यांना फार लागलं का रे?"

"नंबर जुळला," मी म्हणालो.

"ते नाही विचारलं मी."

मग मी तिला त्या झिजलेल्या कडेबद्दल, मालकांच्या वडिलांच्या अंगठ्याबद्दल सांगितलं. ती कणीक मळायची थांबली.

"कुणाच्या वडिलांचं आहे, एवढं तरी मला सांगून ठेवायचंस," ती म्हणाली. "मी नुसतं फूल वाहिलं असतं."