गोळीआधीचा दुधाचा पेला

आमच्या एकोडीत घरच्या बियाण्याला मोठा मान. धानाचं बी विकत आणणाऱ्याकडे आमचे हे अजूनही कीव आल्यासारखं बघतात. म्हणून जावयानं मोबाईलवर तो व्हिडिओ दाखवला, की माणसाच्या स्वतःच्याच कमरेच्या हाडातून मूळपेशी काढून त्यालाच टोचतात अन् पार्किन्सनचा कंप थांबतो, तेव्हा यांचा चेहरा खुलला. आपलंच बी आपल्याच वावरात, नुकसान काय होणार, असं यांचं म्हणणं. मला मात्र हाडात सुई घालायच्या नुसत्या विचारानं धडकी भरायची.

पण करणार काय? यांच्या आजाराला चार वर्षं झाली होती. सुरुवातीला गोळ्यांनी छान चाललं, मग वर्षभरापासून त्या लागूच पडेनात. आंघोळ, जेवण, चूळ भरायचं पाणीसुद्धा माझ्या हातून. चिडायची मी अन् ऐकून घ्यायचे हे. खोटं कशाला बोलू, कधीकधी फार बोलले मी.

व्हिडिओतल्या त्या लांबच्या शहरातल्या दवाखान्यानं तारीखही दिली. जुने कागद घेऊन या म्हणाले, म्हणून आम्ही नागपूरला, गोळ्या सुरू करून देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. या पेशींवर संशोधन चालू आहे, पुढं काही चांगलं निघेलही, पण आज हा सिद्ध झालेला इलाज नाही. पैसे घेऊन कोणी करत असेल तर हाडाला हात लावू देऊ नका, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. यांचं तोंड एवढंसं झालं. मला सुटल्यासारखं वाटलं, अन् लगेच मनात आलं, की मग आता उरलं काय?

तेवढ्यात बाईंनी विचारलं, गोळी कशी देता?

मी ताठ बसले. गोळीच्या बाबतीत माझा हात कोणी धरू शकत नाही, असा माझा तोरा. रिकाम्या पोटी औषध द्यायचं नाही, ही सासूबाईंची शिस्त. सकाळी आधी घरच्या म्हशीचं दूध, मग गोळी. दुपारी वरणभातावर गोळी. ती लागू पडेना तसतसा मी पेला मोठा केला, शेवटी तर तांब्याभर दूध पाजत होते. हे सगळं मी मोठ्या ऐटीत सांगितलं.

बाई हसल्या नाहीत. "आजार जुना होत गेला की दुधाडाळीतली प्रथिनं या गोळीची वाट अडवतात," त्या म्हणाल्या. "जेवणाच्या अर्धा तास आधी, नुसत्या पाण्यासोबत द्या. आठ दिवसांनी मला फोन करा."

बाप्पा! म्हणजे वर्षभर मीच माझ्या हातानं... एसटीनं भंडारा मागे टाकलं तरी मी तोंड उघडलं नाही. हे सारखे वळून बघत होते. मी गप्प बसले की आमच्या घरात लोक घाबरतात.

चौथ्या दिवशी सकाळी पाण्यासोबत गोळी दिली अन् मी स्वयंपाकाला लागले. थोड्या वेळानं वळून बघते तर हे सदरा घालून समोर उभे. सगळी बटनं स्वतः लावलेली, एक चुकीच्या काजात. आजार गेलेला नाही अन् जाणारही नाही, मला कळतं. दुपार कलली की हात पुन्हा कापतो. पण सकाळचे चार तास यांचे यांना परत मिळाले. त्या वाकड्या सदऱ्याकडे बघून मी ढसाढसा रडले.

मग जरा सावरून विचारलं, त्या हाडाच्या इलाजाची इतकी घाई कायले होती तुम्हाले?

यांचा आवाज आता बारीक झालाय, शब्द जुळवायला वेळ लागतो. मी वाट बघत थांबले.

"मले माह्या हाताची फिकर नोहोती," हे म्हणाले. "तू थकून राहिली होती. मले पाहवत नोहोतं."