बागेतल्या खांबावरची तानी

डहाणू रोड स्टेशनपासून हाकेच्या अंतरावरल्या बागेत जिवली झाडलोट करायची. बागेच्या मधोमध कमरेएवढा दगडी खांब होता. कुणी म्हणे, गोऱ्या साहेबाची कबर. कुणी म्हणे, जुन्या हद्दीची खूण. दर दिवाळीला त्याला चुना फासायचा, एवढंच जिवलीला ठाऊक.

२०१७ साली बाग नवी करायचं निघालं. "खांब काढून इथे कारंजं बसवायचं," मुकादम म्हणाला.

जायचाच आहे तर निदान बघावं तरी, म्हणून जिवलीने पाणी मारून काथ्याने खांब घासला. चुन्याचे पापुद्रे सुटले आणि खाली अक्षरं निघाली. चौथी शिकलेली जिवली बोट फिरवत वाचू लागली. ‘गवताच्या आगीत गेलेले’, आणि खाली चार नावं. शेवटचं ‘तानी’.

"मेली असेल कधीच. तुला काय पडलंय?" रखवालदार नविन हसला.

"बाईचं नाव उगाच कोण कोरतं, नविनभाऊ? काहीतरी केलं असेल तिनं."

चार ठिकाणी विचारून झाल्यावर कुणीतरी बुधीबाईचं नाव सांगितलं. वाणगावजवळच्या पाड्यावर राहणारी, ऐंशीच्या घरातली म्हातारी. रविवारी जिवली तिच्या ओट्यावर जाऊन बसली.

"बाग कसली गो? तिथं गवताची वखार होती," बुधीबाई म्हणाली. "मी दहा वर्षांची असेन. भर दुपारी गंजी पेटली. जेवून आडवे झालेले मजूर आतच. तानी बाहेर होती, सुटलेली. तरी आत शिरली. हाताला धरधरून पाच जण काढले तिनं. माझा बा त्यांतलाच. उरलेल्या तिघांसाठी परत गेली, ती आलीच नाय."

"आणि खांब?"

"मजुरांनी बसवला. शेठ तर फिरकला पण नाय."

दुसऱ्या दिवशी जिवली बुधीबाईला घेऊन थेट नगरपरिषदेच्या साहेबांसमोर उभी राहिली. म्हातारीने सगळं पुन्हा सांगितलं. साहेब स्वतः खांब बघून गेले, आणि नकाशावर कारंजं कोपऱ्यात सरकलं.

त्या दिवशी बुधीबाई खांबापाशी बराच वेळ बसली. "तानी कुठं लिवलीय?" तिनं विचारलं. जिवलीने तिचं बोट अक्षरांवर ठेवलं.

"आडनाव, गाव, काहीच कसं नाही?" जिवली म्हणाली.

"कुणाला ठावं होतं? तलासरीकडून आलेली, एवढंच बोलायची."

पुढच्या रविवारी जिवलीने भाकरी बांधून घेतली आणि तलासरीची एसटी पकडली.