आईचा लाल दोरा

माझी आई पंख्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. मोटर चालू करण्याआधी ती पात्याला लाल दोरा बांधायची. पहिल्या झटक्याला दोरा उलटा फिरला, की मोटर परत. इंजिनिअर लोक हसायचे; त्यांच्याकडे पडद्यावर आलेख होते. आई म्हणायची, "हसा, हसा. माझ्या दोऱ्याला वीज लागत नाही."

त्या वर्षी छपरावरच्या मोठ्या पंख्यासाठी नवी मोटर आली. जुन्या मोटरमधला, चुंबकाची जागा सांगणारा सेन्सर धुळीने, उष्णतेने सारखा बिघडायचा, म्हणून हिच्यात तो काढूनच टाकला होता. फिरणारं चुंबक नेमकं कुठे आहे, हे आता मोटरला वीज सोडणाऱ्या कंट्रोलरने तारांमधल्या विजेवरून ओळखायचं. बंद खोलीत पन्नास चाचण्या झाल्या, पन्नासही पास. साहेबांनी शिक्का मारायला सांगितलं.

आई अडून बसली. "साहेब, हा छपरावर बसणार. तिथे वारा काय तुमची परवानगी घेऊन येणार? बंद पंखासुद्धा वाऱ्याने उलटा फिरतो. तेव्हा याला चुंबक सापडेल?"

"बाई, शिक्का मारा. नाहीतर सोमवारपासून परत मोटरच्या तारा गुंडाळायच्या टेबलावर बसा."

त्या टेबलावरून उठून तपासनीस व्हायला तिला अकरा वर्षं लागली होती. घरी येऊन ती जेवलीसुद्धा नाही. पण आमची आई किती हट्टी, हे साहेबांना कुठे ठाऊक! सकाळी घरातला एकुलता एक टेबलफॅन काखोटीला मारून ती निघाली.

तिने तो छपराच्या पंख्यासमोर लावला. मोठी पाती हळूहळू उलटी फिरू लागली. साहेबांनी स्वतः बटण दाबलं. कंट्रोलरने चुंबक थांबलेलंच आहे असं धरलं होतं. दोरा थरथरला, मोटर गुरगुरली आणि बंद पडली. सहा वेळा दाबलं, सहाही वेळा तेच. साहेबांचा चेहरा अगदी पाहण्यासारखा झाला होता, असं आई आजही चवीने सांगते.

मग कंट्रोलरला नवी सवय लावली. वीज सोडण्याआधी क्षणभर गप्प बसायचं. फिरतं चुंबक तारांमध्ये जी थोडीशी वीज उठवतं, तिच्यावरून त्याची जागा नि वेग ओळखायचा, मगच जोर लावायचा. आठवड्याने दोरा उलटा फिरता फिरता मंदावला, थांबला आणि सुलटा धावू लागला. आईने शिक्का मारला.

साहेबांनी चाचणीच्या तक्त्यात स्वतःच्या हाताने नवी ओळ घातली: 'समोरून वारा देऊन तपासणे.' त्यामुळे आमचा टेबलफॅन तिथेच राहिला. त्या उन्हाळ्यात आम्ही घामाने निथळत होतो. पाहुणे विचारायचे, "अगं, पंखा कुठे गेला?"

मी मान ताठ करून सांगायचे, "आईच्या हाताखाली कामाला लागलाय."