फटफटीचं दावं

आमची फटफटी अस्सल विलायती. कँपातला एक गोरा साहेब मायदेशी निघाला तेव्हा ती मी घेतली आणि पंधरा वर्षं नगरच्या कोर्टात तिच्यावरूनच गेलो. म्हणजे निघायचो तिच्यावरून. अशील कोर्टात ताटकळायचे आणि मी रस्त्यात उकिडवा बसून प्लग पुसायचो. बायको तिला सवत म्हणायची. खरंच होतं ते! बायकोचं फाटलेलं लुगडं मला दिसायचं नाही, टाकीवरचा ओरखडा मात्र लांबून दिसायचा.

लढाईत पेट्रोल कुपनावर गेलं आणि लढाई संपेतो माझे गुडघे गेले. किक मारली की गाडीच्या आधी मीच ओरडायचो. शेवटी विकायची ठरली.

तिसगावचा एक शेतकरी बैलगाडी घेऊन आला. फटफटीभोवती फिरला, तिच्या पाठीवर थाप मारली आणि विचारतो कसा, "मारकी न्हाई ना, वकीलसायेब?" घ्या! माझी राणी या अडाण्याच्या गोठ्यात जाणार!

फटफटी बैलगाडीत चढवल्यावर तोच म्हणाला, "दावं ठिवून घ्या." आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, नाहीतर गोठ्याची बरकत जाते म्हणे. फटफटीला कसलं आलंय दावं? पण माझ्यातला वकील जागा झाला. मी पाना आणला, प्लग काढला आणि खिशात टाकला. "हेच हिचं दावं," मी गंभीरपणे सांगितलं. त्यानं हात जोडले. प्लगवाचून इंजिन सुरू होत नाही हे त्या बापड्याला काय ठाऊक! चार दिवसांत येईल, 'चालत न्हाई, माघारी घ्या' म्हणेल, आणि राणी घरी येईल.

दोन महिने झाले तरी बाबा फिरकेना. मी रोज प्लग घासून ठेवायचो. बायको म्हणाली, "सवत गेली, दात ठेवून गेली." मग मीच सर्व्हिस मोटारीनं तिसगाव गाठलं.

फटफटी ओसरीत उभी होती. टाकी लखलखीत, वर झेंडूची माळ. मी शेतकऱ्यापुढे प्लग धरला. "याच्याशिवाय ही चालत नाही. मी मुद्दाम काढला होता."

"ठावं हाय," तो म्हणाला. "हितल्या डायवरनं पैल्याच दिशी सांगितलं. दुसरा बशिवतो म्हनला. मीच नगं म्हनलं."

"मग मागायला का नाही आलात?"

"दावं ठिवा म्हनून मीच म्हनलं हुतं की! ते मागायचं कसं? म्हनलं, वकीलसायबाचा जीव गुतलाय. सुटला की येतील आपुनच."

लाज वाटली. प्लग बसवला, गुडघ्याला शिव्या घालत किक मारली. पहिल्याच किकला सुरू झाली, बेइमान! कोर्टात जाताना एकदा तरी असं सुरू व्हायचं होतंस.

निघताना त्यानं बैलाचं एक जुनं दावं माझ्या हातात दिलं. "रिकाम्या हातानं जाऊ नका."

ते मांडीवर घेऊन मी मोटारीत बसलो. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "बैल इकला जनू?"

"विकला," मी म्हणालो. "आज."