पहिल्या खेळाडूची उडी

लहानपणीचा गेम खेळायला मी आमच्या जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा प्रोग्रॅम लॅपटॉपवर चढवला. त्याने विचारलं, पहिल्या खेळाडूचं उडीचं बटण कोणतं? नव्या कंट्रोलरवरचं एक दाबून मी मोकळा झालो. मग पहिल्याच खड्ड्यात इतक्यांदा पडलो, की एव्हाना तो माझ्याच मुडद्यांनी भरून सपाट व्हायला हवा होता. सगळी बटणं बदलून पाहिली, पण अंगठा काही वेळेवर हलेना.

मटार सोलत बसलेली ताई चष्म्यावरून बघत म्हणाली, "गधड्या, तू कधी उडी मारली होतीस?"

खरंच की! तेव्हा आमच्या जॉयस्टिकचं बटण मेलेलं होतं. दांडा मी धरायचो, खड्डा आला की ओरडायचो आणि कीबोर्डवरून उडी ताई मारायची. आमच्या घरात पहिला खेळाडू म्हणजे दोन माणसं होती. मला येतं असं मी समजतो, त्यातलं आणखी किती दुसऱ्यांच्या बोटांत राहिलंय, कोण जाणे.

मी उडी स्पेसबारला जोडली. चाळीस वर्षांनी ताईने अंगठा पदराला पुसला.

"ओरडू नकोस. तू नुसता पळ."

खड्डा आला. मी ओरडायला तोंड उघडलं, आणि आम्ही पलीकडे होतो.